४३ सेकंदांचे मौन

२१ ऑक्टोबर २०१८, रविवार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे ६ वाजून ५२ मिनिटे झाली होती. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट, ४ वाजून २२ मिनिटे. गिटहब नावाच्या कंपनीच्या जाळ्यातले प्रकाशतंतूंचे एक उपकरण नीट चालत नव्हते, ते बदलण्याचे नेहमीचे काम चालू होते. काम करता करता पूर्व किनाऱ्यावरच्या मुख्य डेटा सेंटरचा बाकीच्या जाळ्याशी असलेला संबंध तुटला. ४३ सेकंदांत तो पुन्हा जोडला गेला. रेडिओचा आवाज एवढा वेळ गेला, तर ऐकणारा फार तर त्याला एक थाप मारतो आणि तेवढ्यात आवाज परत येतो. इथेही आवाज परत आला. पण मधल्या काळात घडी विस्कटली ती विस्कटलीच. ती पुन्हा बसवायला २४ तास ११ मिनिटे लागली.

गिटहब हे नाव ज्यांना परके असेल त्यांच्यासाठी थोडेसे सांगतो. जगभरचे प्रोग्रॅमर आपले लिखाण, म्हणजे प्रोग्रॅम, जिथे ठेवतात आणि एकमेकांचे तपासतात असे हे ठिकाण. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली बनवलेल्या गिट या साधनावर ते उभे आहे आणि २००८ साली ते सुरू झाले. ज्या आठवड्याची ही गोष्ट, त्याच आठवड्यात, २६ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरचा व्यवहार पुरा करून ही कंपनी आपल्याकडे घेतली. म्हणजे घर नव्या मालकाच्या हाती जायला पाच दिवस उरले असताना घरातल्या चोपड्यांचा घोळ झाला. प्रोग्रॅमचे मूळ लिखाण सुखरूप होते. घोळ झाला तो भोवतीच्या नोंदींचा. कोणी कोणता दोष कळवला, कोणी काय दुरुस्ती सुचवली, कोणी ती मान्य केली, या नोंदींचा.

मी साहित्य घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. या विषयात शिरलो तो भाच्यामुळे. तो पुण्यात अशाच नोंदी सांभाळण्याच्या कामात आहे. रात्री-अपरात्री त्याचा फोन वाजतो आणि तो भरल्या ताटावरून उठतो. एकदा मी त्याला म्हटले, ‘अरे, एक मशीन बंद पडलं तर दुसरं चालू करायचं. त्यात एवढं काय?’ तो म्हणाला, ‘मामू, बंद पडलंय हे कळलं तर सोपंच आहे. बंद पडलंय की नुसतं गप्प बसलंय, हेच कळत नाही.’ हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. गिटहबने त्या घटनेनंतर नऊ दिवसांनी स्वतःच सगळा वृत्तान्त मिनिटामिनिटाच्या हिशेबाने प्रसिद्ध केला होता. तो भाच्याने मला वाचायला दिला. न कळलेले शब्द त्याला विचारत मी तो वाचला, आणि मग त्याच्या मागचा इतिहास शोधत गेलो.

जुन्या पेढीवरची कीर्द डोळ्यांसमोर आणा. दिवसभराची उलाढाल एकाच वहीत लिहिली जाते आणि लेखणी एकाच मुनिमाच्या हाती असते. समजा त्याच्या शेजारी दोन पोरे बसवली आणि मुनीम लिहील ते तसेच्या तसे आपापल्या वहीत उतरवायला सांगितले. गिऱ्हाईक उधारी किती झाली ते विचारायला आले तर पोरेही सांगू शकतील, पण नवी नोंद करायची तर मुनिमाकडेच जायचे. डेटाबेसच्या भाषेत मुनीम म्हणजे प्रायमरी, पोरे म्हणजे रेप्लिका, उतरवून घेण्याचे काम म्हणजे रेप्लिकेशन. हा सगळा कबिला मिळून क्लस्टर. मुनीम आजारी पडला की एका पोराच्या हाती लेखणी द्यायची, याला म्हणतात फेलओव्हर.

आता अडचण बघा. उतरवून घेणारे पोर मुनिमाच्या नेहमीच एखादी ओळ मागे असते. शेजारी बसले असेल तर ही ओळ चटकन भरून निघते. पण गिटहबची एक पेढी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर होती आणि दुसरी पश्चिम किनाऱ्यावर. मधले अंतर सुमारे चार हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे एका फेरीला, जाऊन येऊन, ४० मिलिसेकंद तरी लागणारच; प्रत्यक्षात त्याहून जास्त. हे ऐकायला काहीच नाही. पण एक पान उघडायला अशा अनेक फेऱ्या लागत असतील आणि मुनिमाने प्रत्येक ओळीनंतर ‘लिहिलंस का रे?’ असे विचारून पलीकडच्या उत्तराची वाट पाहायची ठरवली, तर पेढीवर रांग लागेल. म्हणून दूरच्या पोरासाठी न थांबता मुनीम पुढे लिहीत जातो. दुसरी वही थोडी मागे राहणार, हे गृहीतच धरलेले असते.

ही चिंता जुनी आहे. १९७४ साली कॅलिफोर्नियात जिमी ट्रेबिग यांनी टँडम कॉम्प्युटर्स ही कंपनी काढली. दोघांनी मिळून चालवायच्या सायकलला टँडम म्हणतात, त्यावरून जोडीची कल्पना ध्यानात येईल. ज्यांचे काम क्षणभरही थांबून चालत नाही असे बँकांसारखे गिऱ्हाईक त्यांना हवे होते. १९७६ साली त्यांचे पहिले यंत्र सिटीबँकेत गेले. त्या यंत्रात एकाहून अधिक प्रोसेसर असत आणि महत्त्वाचे काम जोडीने चाले. एक काम करी, दुसरा त्याच्या पावलांची खूण ठेवी. आणि प्रत्येक प्रोसेसर ठरावीक वेळाने बाकीच्यांना एकच निरोप पाठवत राही: मी जिवंत आहे. निरोप थांबला की जोडीदार पुढे सरसावून काम हाती घेई.

मला या निरोपाचे फार अप्रूप वाटले. आमच्याकडून आखाती देशांत कामाला गेलेल्यांची पूर्वी पत्रे येत. मजकूर दोन ओळींचा, इथे सर्व खैरियत आहे, तिथली खैरियत कळवावी. खरी बातमी काय ती पत्र येण्यातच असे. पत्र चुकले की घरात काळजी सुरू. पण पत्र चुकले याची कारणे किती असतात! माणूस आजारी असेल, टपालात घोळ असेल, पत्ता बदलला असेल, किंवा त्याने लिहिलेच नसेल. घरी बसलेल्याला यातले काहीही कळत नाही. त्याच्या वाट्याला फक्त पत्र नसणे येते.

टँडमच्या यंत्राला एक सोय होती. सगळे प्रोसेसर जवळजवळ, त्यांना जोडणारा मार्ग दुहेरी. निरोप आला नाही तर पाठवणारा खरोखरच गेला असण्याची शक्यता जास्त. यंत्रे दोन शहरांत ठेवली की ही खात्री जाते. रस्ता तुटला की माणूस मेला, हे ओळखता येत नाही.

ही अडचण ज्यांनी सगळ्यांच्या ध्यानात राहील अशा रूपात मांडली ते जिम ग्रे. त्यांनी १९७८ साली एक कोडे सांगितले. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाचे दोन सेनापती आहेत. मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तर जिंकतील, एकट्याने केला तर मरतील. वेळ ठरवायची तर दरीतून जासूद पाठवायचा, आणि तो वाटेत पकडला जाऊ शकतो. पहिल्याने ‘उद्या पहाटे’ असे कळवले. दुसऱ्याला निरोप पोचला, पण तो पोचल्याचे पहिल्याला कुठे ठाऊक? म्हणून दुसऱ्याने पोच पाठवली. आता ती पोच पोचली की नाही, याची चिंता दुसऱ्याला. असे कितीही जासूद पाठवले तरी दोघांची पुरती खात्री कधीच होत नाही, आणि हे गणिताने सिद्ध होते. तुटू शकणाऱ्या वाटेने बोलणारे दोघे याच दोन टेकड्यांवर उभे असतात.

ग्रे १९८० पासून दहा वर्षे टँडममध्येच होते. यंत्रे का बंद पडतात, असा सरळ प्रश्न विचारणारा त्यांचा १९८५ चा निबंध प्रसिद्ध आहे. लोखंड-तारांच्या दोषाने यंत्र थांबण्याचे प्रमाण कमी, सांभाळणाऱ्यांचा हात आणि प्रोग्रॅममधले दोष यांचे जास्त, असे त्यांना प्रत्यक्ष नोंदींवरून दिसले. १९९८ साली त्यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पुढे त्यांचे जे झाले ते सांगताना आवाज जरा खाली येतो. २८ जानेवारी २००७ रोजी ते सॅन फ्रान्सिस्कोहून आपली शिडाची नाव घेऊन एकटेच फॅरालोन बेटांकडे निघाले. आईच्या अस्थी समुद्रात सोडायच्या होत्या. ते परतले नाहीत. मदतीची हाक नाही, नावेचा तुकडा नाही, काहीच नाही. तटरक्षक दलाने शोधले. मग त्यांच्या मित्रांनी उपग्रहाची छायाचित्रे मिळवली आणि हजारो स्वयंसेवकांनी आपापल्या घरी संगणकासमोर बसून समुद्राचा चौकोन न् चौकोन न्याहाळला. काही सापडले नाही. २०१२ साली न्यायालयाने त्यांना मृत मानले. न येणाऱ्या निरोपाचा अर्थ काय लावायचा, या प्रश्नावर ज्याची कारकीर्द उभी, त्याच्या घरच्यांना पाच वर्षे तोच प्रश्न पडला होता.

गप्प माणसाला मेलेला कधी म्हणायचे, हे आपल्या कायद्यानेही ठरवून ठेवले आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात होते, आणि जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे, की ज्यांना एखाद्याची खबर सहज मिळाली असती त्यांना सात वर्षे ती मिळाली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर. पण १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात नवऱ्याचा ठावठिकाणा चार वर्षे लागला नाही, तर बायकोला विवाह मोडून मागता येतो. सात कुठे, चार कुठे! माणूस तोच हरवलेला. पण जमीनजुमल्याला सात वर्षे थांबवता येते. घरात बसलेल्या तरुण बाईला तितके थांबवणे कायद्याला क्रूर वाटले. वाट किती पाहायची हे हरवलेल्यावरून ठरत नाही, मागे राहिलेल्यांचे काय अडले आहे त्यावरून ठरते. डेटाबेस सांभाळणारे ज्याला टाइमआउट म्हणतात तो आकडा असाच ठरतो. त्यांच्याकडे वर्षांच्या जागी सेकंद असतात, एवढाच फरक.

घाई केली तर काय होते? पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी ते गेले असे मानले नाही. पुढे मी भाऊ आहे म्हणणारा तोतया उभा राहिला आणि १७७६ साली त्याने कोकणात एवढी माणसे गोळा केली की पेशवाईला फौज पाठवावी लागली. तोतयाचे सोपे असते. तो खोटा ठरतो, शिक्षा होते, प्रकरण मिटते. डेटाबेसमध्ये परत येतो तो खराच भाऊ असतो! तो कुठे गेलेलाच नव्हता. रस्ता तेवढा तुटला होता. तो आपल्या गादीवर बसून फर्माने काढतोच आहे, आणि इकडे दुसऱ्याला गादीवर बसवून झाले आहे. दोघेही खरे, दोघांचीही फर्माने खरी. या अवस्थेला अभियंते स्प्लिट ब्रेन म्हणतात, दुभंगलेला मेंदू.

यावर त्यांनी एक रांगडा उपाय काढला आहे. नव्याला बसवण्याआधी जुन्याची वीजच तोडायची. याला त्यांच्यात स्टोनिथ म्हणतात. त्या शब्दाची फोड केली तर अर्थ निघतो, दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाल. मात्र गोळी घालायला तरी त्याच्यापर्यंत पोचता यायला हवे. रस्ताच तुटला असेल तर वीज तोडायचा हुकूम कोणत्या वाटेने जाणार?

दुसरा उपाय पंचांचा. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९९० च्या सुमारास पॅक्सॉस नावाच्या ग्रीक बेटावरच्या एका काल्पनिक कायदेमंडळाची कथा रचून तो सांगितला. सभासद मनाला येईल तेव्हा सभागृहात येतात-जातात, निरोपे विसरतात, तरी सगळ्यांच्या वहीत एकच ठराव कसा राहील? या विषयावर व्याख्यान देताना ते पुराणवस्तू संशोधकाचा वेश करून उभे राहत. लोकांना थट्टा वाटली आणि निबंध छापून यायला १९९८ उजाडले. २०१४ साली स्टॅनफर्डच्या डिएगो ऑन्गारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी हीच गोष्ट सोपी करून मांडली आणि तिला राफ्ट, म्हणजे तराफा, असे नाव दिले. पॅक्सॉस बेटावरून सुटायचे तर तराफाच हवा, असा त्यात विनोद आहे. गाभा साधा: पंच विषम संख्येत ठेवा, आणि अर्ध्याहून अधिकांचे मत पडेल तेच खरे. जो गट अल्पमतात तुटून पडेल त्याने गप्प बसायचे. अशाने दोन निर्णय होत नाहीत.

गिटहबला घाईचा चटका आधी एकदा बसला होता. सप्टेंबर २०१२ मध्ये एका फेरबदलामुळे त्यांच्या मुख्य डेटाबेसवर इतका ताण आला की तपासणी करणाऱ्या यंत्रणेला तो आजारी वाटला. तिने लेखणी काढून दुसऱ्याला दिली. हा दुसरा ताजातवाना, पण त्याला नेहमीच्या नोंदी तोंडपाठ नव्हत्या. प्रत्येक वेळी वही उघडून पाहावी लागे. तो आणखीच मंद झाला. यंत्रणेने लेखणी परत पहिल्याला दिली. माणसांनी मग ती यंत्रणा तात्पुरती बाजूला ठेवली, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चालू करताना मागे राहिलेली वही काही काळ मुख्य होऊन बसली. त्या गोंधळात १६ खासगी प्रकल्प सात मिनिटे परक्यांना उघडे पडले. गिटहबने तेव्हा लिहिलेल्या वृत्तान्तात एक प्रांजळ कबुली आहे. त्या दोन दिवसांत लेखणी हलवण्याआधी आमच्यातल्या कोणालाही विचारले असते, तर त्याने ठाम नाही म्हटले असते, असा तिचा आशय.

तेव्हा २०१८ मध्ये पंचमंडळ होते. ऑर्केस्ट्रेटर नावाच्या प्रोग्रॅमकडे हे काम होते आणि त्याचे पंच वेगवेगळ्या ठिकाणी बसवले होते: पूर्वेच्या मुख्य डेटा सेंटरमध्ये, पश्चिमेच्या डेटा सेंटरमध्ये आणि पूर्व किनाऱ्यावरच भाड्याने घेतलेल्या सर्व्हरांवर. ६ वाजून ५२ मिनिटांनी मुख्य डेटा सेंटर गप्प झाले. बाकीच्या दोन ठिकाणच्या पंचांचे एकमत झाले, बहुमत भरले, आणि त्यांनी लेखणी पश्चिमेकडे दिली. नियमाने पाहिले तर यात कोणीच चुकले नाही. यंत्र बिघडले असे म्हणून हात झटकणारे पुष्कळ भेटतात. मला ते आळशीपणाचे वाटते. यंत्राने सांगितले तेच केले. ४३ सेकंदांचे मौन म्हणजे मरण, असे त्याला कोणी तरी सांगून ठेवले होते.

४३ सेकंद संपले. रस्ता जोडला गेला आणि सगळी गिऱ्हाइके नव्या मुनिमाकडे, पश्चिमेला, नोंदी पाठवू लागली. पण रस्ता तुटण्याच्या त्या काही क्षणांत जुन्या मुनिमाने लिहिलेल्या ओळी पलीकडे पोचल्याच नव्हत्या. त्या ओळी फक्त पूर्वेच्या वहीत. नंतर मोजल्यावर कळले की सर्वाधिक वर्दळीच्या क्लस्टरांपैकी एकात अशा ९५४ नोंदी होत्या. आता पूर्वेच्या वहीत जे आहे ते पश्चिमेच्या वहीत नाही, आणि पश्चिमेच्या वहीत दर क्षणाला जे वाढते आहे ते पूर्वेच्या वहीत नाही.

कविता लिहिणाऱ्यांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. संग्रहाची मुद्रिते दोन प्रतींत येत. एक कवीकडे, एक प्रकाशकाकडे. दोघेही आपापल्या प्रतीवर खुणा करत. एकाच प्रतीवर खुणा असतील तर दुसरी फेकून द्यावी. दोन्हींवर असतील तर टेबलावर शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचण्याखेरीज इलाज नसतो, आणि वाचेपर्यंत छपाई थांबवावी लागते.

गिटहबच्या माणसांनी नेमके तेच केले. पहिल्या पंधरा मिनिटांत त्यांनी नवे बदल चढवण्याची आपली साधने कुलूपबंद केली. ७ वाजून १३ मिनिटांनी परिस्थिती लाल असल्याचे जाहीर केले. आणखी सहा मिनिटांनी काही सेवा हाताने थांबवल्या. एका ठिकाणी बदल झाला की दुसऱ्या प्रणालीला आपोआप वर्दी देणारे वेबहुक आणि संकेतस्थळाची पाने तयार करून देणारी सेवा त्यात होती. म्हणजे दुखणे पसरू नये म्हणून पेढीचे अर्धे दरवाजे त्यांनी स्वतःच लावून घेतले. तोवर पश्चिमेच्या वहीत सुमारे ४० मिनिटांच्या नोंदी जमल्या होत्या.

सोपे मार्ग दोन होते. पूर्वेच्या काही सेकंदांवर पाणी सोडायचे आणि पश्चिमेलाच कारभार चालू ठेवायचा. पण बरेचसे प्रोग्रॅम पूर्वेला चालत होते आणि प्रत्येक नोंदीसाठी देश ओलांडून जाणे त्यांना झेपत नव्हते, पाने उघडेनात. दुसरा मार्ग, पश्चिमेच्या ४० मिनिटांवर पाणी सोडून पूर्वेला परत यायचे. तासाभरात सगळे सुरळीत दिसले असते. त्यांनी दोन्ही नाकारले. सेवा लवकर सुरू होण्यापेक्षा नोंदी शाबूत राहणे महत्त्वाचे, असे ठरवून त्यांनी लांबचा रस्ता धरला. माझ्या मते त्या रात्रीचा हा सर्वात मोठा निर्णय, आणि तो यंत्राने घेतलेला नव्हता. कोट्यवधी लोक वापरतात अशी सेवा आणखी कित्येक तास लंगडत ठेवू या, असे माणसांनी माणसांना सांगितले, तेही नवा मालक दारात उभा असताना.

लांबचा रस्ता खरोखरच लांब निघाला. दर चार तासांनी काढलेल्या राखीव प्रती होत्या, पण त्या दूर, भाड्याच्या कोठारात. कित्येक टेराबाइटचे ओझे. ते नुसते वाहून आणायलाच तासन्‌तास गेले. मग त्या प्रतीवर पुढच्या नोंदी एकापाठोपाठ एक चढवायच्या. आपल्याकडे सोमवारचे दुपारचे ४ वाजून ४२ मिनिटे झाली तेव्हा लेखणी सगळीकडे पुन्हा पूर्वेकडे आली. पण उतरवून घेणारी पोरे कित्येक तास मागे होती. काही वाचक पुढे गेलेल्या पोराकडे पोचत, काही मागे राहिलेल्याकडे. त्यामुळे कोणाला ताजे दिसे, कोणाला सकाळचे शिळे. त्यात युरोप-अमेरिकेची कामाची वेळ सुरू झाली, नव्या नोंदींचा लोंढा आला आणि पोरांचा वेग मंदावला. मदतीला जादा पोरे बसवावी लागली. दोन्ही किनाऱ्यांच्या वह्या जुळल्या तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ९ वाजून ५४ मिनिटे.

तरी संपले नव्हते. थांबवलेल्या कामांची रांग होती: ५० लाखांहून अधिक वर्दीचे निरोप आणि तयार व्हायच्या ८० हजार पानांचे काम. ते उपसताना सुमारे दोन लाख निरोप मुदत उलटली म्हणून यंत्रणेने आपोआप टाकून दिल्याचे लक्षात आले, आणि ते टाकणे थांबवावे लागले. मंगळवारी पहाटे ४ वाजून ३३ मिनिटांनी हिरवा दिवा लागला. भारतातला कामाचा एक अख्खा सोमवार त्यात गेला होता.

नंतर गिटहबने ऑर्केस्ट्रेटरचा एक नियम बदलायचे ठरवले. पूर्वेचा मुनीम गप्प झाला तर त्याने पूर्वेतल्याच पोरांत बदली शोधावी; देश ओलांडून लेखणी पश्चिमेला द्यायची मुभा यापुढे त्याला नाही. भाच्याला मी विचारले, ‘मग पूर्वेचं अख्खं केंद्रच खरंच बुडालं तर?’ तो म्हणाला, ‘तर कोणाचा तरी फोन वाजणार, मामू. तो उठून बसणार, आणि ठरवणार.’

राहिल्या त्या काही सेकंदांच्या, फक्त पूर्वेच्या वहीत अडकलेल्या नोंदी. त्या टाकल्या नव्हत्या, बाजूला जपून ठेवल्या होत्या. गिटहबच्या माणसांनी त्यांची छाननी सुरू केली. काही आपोआप जुळवता येण्यासारख्या होत्या. काहींसाठी लिहिणाऱ्याला गाठून विचारावे लागणार होते. आणि काही अशा निघाल्या की त्यांचे काही करायची गरजच उरली नव्हती. लिहिणाऱ्याला आपले लिखाण दिसले नव्हते, तेव्हा त्याने ते पुन्हा एकदा लिहून पाठवले होते, आणि या खेपेला ते पोचले होते.